नाहातला दोजो आणि तिथे टिकून राहिलेली माणसं

आमच्या कोल्हापूरच्या कराटे क्लासला दर जूनमध्ये नवी मुलं येतात, हॉल भरून जातो. ब्लॅक बेल्टपर्यंत त्यातली बोटांवर मोजण्याइतकी उरतात आणि बेल्ट कमरेला आला की तीही बारावी, इंजिनिअरिंग, पुण्यातली नोकरी असं करत पांगतात. चाळिशी ओलांडून अजून गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, घालणारी मी एकटीच. आमचे सर नेहमी म्हणायचे, "ओकिनावाला एकदा जाऊन ये. तिथे बेल्ट मिळाल्यावर माणसं खरं शिकायला लागतात." आमचं गोजू-र्यू शैलीचं कराटे जपानच्या दक्षिणेकडच्या या बेटावर ज्या शहरात घडलं त्या नाहाला जायचा योग ऑक्टोबरच्या शेवटी आला.

सरांनी आधी त्यांच्या ओळखीच्या सेन्सेईंना, म्हणजे तिथल्या गुरूंना, पत्र लिहिलं, होकार आला, मगच तिकीट काढलं. जाणाऱ्यांनी क्रम हाच ठेवावा. त्यांच्या दोजोचं, म्हणजे सरावाच्या जागेचं, नाव मी इथे देत नाही. जागा लहान आहे, सेन्सेई ऐंशीच्या घरात आहेत आणि ओळखपाळख नसताना दारात उभं राहणाऱ्यांचा तिथल्या सगळ्यांनाच त्रास होतो.

शनिवार: पोचले

मुंबई-टोकियो आणि तिथून पुढे जवळजवळ तीन तास नाहा. विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि अंगाला घाम फुटला. आपली ऑक्टोबर हीट, वर समुद्राचा दमटपणा. टोकियोचे फोटो बघून बॅगेत जाड स्वेटर भरणार असाल तर भरू नका. सुती कपडे आणि दोन गी हवेतच, कारण घामाने भिजलेला गी इथल्या हवेत एका दिवसात वाळत नाही. जवळपास नाण्यांवर चालणारी लाँड्री आणि ड्रायर कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

विमानतळावरून युई रेल ही मोनोरेल थेट शहरात जाते. प्रत्येक स्टेशन येण्याआधी ओकिनावाच्या लोकगीताची एखादी छोटी धून वाजते. तिचा 24 तासांचा पास पहिल्या वापरापासून मोजतात, म्हणून दुपारी काढलेला दुसऱ्या दुपारपर्यंत चालतो. मी असातो स्टेशनजवळ उतरले होते. खाली साकाएमाची नावाचा जुना, छप्पर घातलेला बाजार आहे. दिवसा तिथे भाजी आणि सुकी मासळी, रात्री चार-सहा खुर्च्यांची खानावळींची रांग. संपूर्ण मुक्कामात माझं रात्रीचं जेवण बहुतेक तिथेच झालं.

रविवार: मात्सुयामा पार्क

सराव सोमवारपासून. त्याआधी एक जागा बघायचीच होती. मात्सुयामा पार्कमध्ये हिगाओन्ना कान्र्यो (1853-1915) आणि त्यांचे शिष्य मियागी चोजुन (1888-1953) यांचं स्मारक आहे, 1987 मध्ये उभारलेलं. शेजारीच फुकुशुएन ही चिनी पद्धतीची बाग आहे. ही दोन ठिकाणं अशी लागून असणं मला फार योग्य वाटलं. हिगाओन्ना तरुणपणी समुद्रापलीकडे चीनच्या फुजौला जाऊन तिथली युद्धकला शिकून आले. ती त्यांनी नाहात शिकवली आणि मियागींनी पुढे तिला गोजू-र्यू म्हणून आकार दिला. फुजौ आता नाहाचं भगिनी-शहर आहे आणि ही बाग त्याचीच खूण.

स्मारकासमोर एक आजोबा एकटेच सांचिन काता करत होते. काता म्हणजे एकट्याने करायचा ठरलेल्या हालचालींचा क्रम, सांचिन हा त्यातला श्वासावर भर देणारा. पांढरा बनियन, साधी पँट. मी लांबून नमस्कार केला, त्यांनी मान हलवली आणि श्वास न तोडता पुढचं पाऊल टाकलं.

दुपारी कोकुसाई-दोरीवर गेले. हा दीड-एक किलोमीटरचा बाजाररस्ता रविवारी दुपारी गाड्यांना बंद असतो. 25 ऑक्टोबर हा ओकिनावाचा कराटे दिन. 1936 मध्ये याच तारखेला नाहात जुन्या गुरूंची एक महत्त्वाची बैठक झाली होती, तिची आठवण म्हणून प्रीफेक्चरने, म्हणजे ओकिनावा प्रांताने, 2005 मध्ये हा दिवस ठरवला. 2016 मध्ये याच रस्त्यावर 3,973 जणांनी एकत्र काता करून गिनेस विक्रम केला होता. कराटे दिनाच्या आसपास जाता आलं तर जा, पण हॉटेल लवकर धरा, कारण जगभरातले कराटेवाले त्याच वेळी येतात.

सोमवार: दोजो

दोजो म्हणजे सेन्सेईंच्या घराचा तळमजला. घर सिमेंटचं, जाड भिंतींचं. वादळांमुळे इथली बहुतेक घरं अशीच. खाली लाकडी जमीन, समोर मियागी सेन्सेईंचा फोटो, डाव्या भिंतीवर लाकडी पाट्यांची रांग. प्रत्येक पाटीवर एका विद्यार्थ्याचं नाव. वरच्या ओळीतल्या पाट्या काळपट पडलेल्या, त्यांवरची शाई जेमतेम दिसणारी. त्यातल्या काही माणसांच्या पाट्या ती माणसं गेल्यावरही काढलेल्या नाहीत. खालच्या ओळी पिवळ्या, ताज्या लाकडाच्या.

साडेसातला सराव. सातला पोचले तर चौघेजण आधीच आलेले. जमीन ओल्या फडक्याने पुसत होते, गुडघ्यावर येऊन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यातले एक पंचाहत्तरीचे, निवृत्त बस ड्रायव्हर. दुसऱ्या बाई हॉस्पिटलात नर्स, ड्यूटीवरून थेट आलेल्या. तिसरे पाणीपुरवठा खात्यातले. चौथी मुलगी अर्जेंटिनाची, आजी-आजोबा ओकिनावातून तिकडे गेलेले, ती उलट प्रवास करून इथे राहायला आली आणि शाळेत इंग्रजी शिकवते. मला वाटलं होतं की नवा माणूस पुसतो आणि जुने बघतात. इथे सगळ्यात जुन्या माणसाच्या हातात सगळ्यात ओलं फडकं होतं. मीही एक घेतलं.

मग जुनबी उंदो, मियागींनीच बसवलेला पूर्वव्यायाम. तो पायाच्या बोटांपासून सुरू होतो: बोटं उचलणं, टाच, घोटा, गुडघा, असं करत वर मानेपर्यंत. आमच्याकडे आम्ही तो पाच-सात मिनिटांत उरकतो. इथे अर्धा तास गेला आणि कुणाला घाई नव्हती.

नंतर होजो उंदो, म्हणजे साधनांचा व्यायाम. चि-इशी म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला सिमेंटचा गोळा, तो मनगटाने फिरवायचा. निगिरी-गामे हे मातीचे घट, तोंडाची कड पाचही बोटांनी पकडून सांचिनची पावलं टाकत चालायचं. वजन वाढवायचं तर आत वाळू घालतात. कोपऱ्यात लोखंडी लंबगोल काँगोकेन, जो मियागींनी 1934 च्या हवाई दौऱ्यात तिथल्या पैलवानांकडे बघून घेतला. आणि बाहेर अंगणात माकिवारा, जमिनीत रोवलेली फळी.

सेन्सेई या सगळ्या वेळात खुर्चीवर बसून होते, हातात पंखा. कोल्हापुरात गंगावेस तालमीत वस्ताद कट्ट्यावर बसून असतात, आखाड्यात चार जोड्या लागलेल्या असतात, आणि एका जोडीकडे बघत असताना दुसऱ्या जोडीतल्या पोराला हाक जाते, तसंच होतं ते. सेन्सेई तासाभरात तीनदा बोलले असतील. बाकी सगळं शिकवणं जुने विद्यार्थी करत होते, तेही शिकवतोय असं न दाखवता. नर्सबाई माझ्याशेजारी उभ्या राहून तोच काता करायच्या, मी बघायचे, बस.

कुणी मला विचारलं नाही की तुम्ही कितव्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या कितव्या पायरीवरच्या.

एक सूचना इथेच: महिन्याची किंवा पाहुण्यांची फी कोऱ्या नोटांत, पाकिटात घालून, पहिल्याच दिवशी दोन्ही हातांनी द्यायची. हातापायांची नखं कापलेली हवीत. फोटो काढायचा तर सराव संपल्यावर आणि विचारून.

मंगळवार: कारलं, घोसाळं आणि शेंगदाणे

सराव नव्हता. माकिशीचा सार्वजनिक बाजार जुन्या जागी नव्या इमारतीत 2023 मध्ये पुन्हा उघडला, तिथे गेले. खाली मासे आणि डुकराचं मांस, वर खानावळी. शाकाहाऱ्यांसाठी खरं सांगते: ओकिनावा सोपं नाही. ओकिनावा सोबाचा रस्सा डुकराच्या हाडांचा असतो. गोया चांपुरू म्हणजे आपल्या कारल्याची टोफू आणि अंडं घालून परतलेली भाजी, पण तीत बहुतेक वेळा मांसाचे तुकडे आणि वरून माशाचे पापुद्रे पडतात. सूप, मिसो, उकडलेली भाजी, सगळ्यात माशाचा अर्क. काय चालतं आणि काय नाही हे जपानीत कागदावर लिहून घेऊन फिरा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा.

तरी उपाशी राहिले नाही. नाबेरा नावाची मिसोतली भाजी खाल्ली तर ते आपलं घोसाळं निघालं, मऊ शिजवलेलं. जिमामी टोफू शेंगदाण्याच्या दुधाचा, वर गोडसर सॉस, मी रोज आणून खाल्ला. जांभळी रताळी, साता अंदागी नावाचे तळलेले गोड गोळे. आणि कोकुतो, उसाचा काळा गूळ. कोल्हापूरचं माणूस गुळाबाबत सहज कौतुक करत नाही, पण हा चांगला आहे. खारटसर चव, खडे फोडून चहाबरोबर खातात.

बुधवार: काकिए

आज सांचिनला सेन्सेई उठले. आम्ही सगळे रांगेत, श्वास आणि पाऊल. ते प्रत्येकाच्या मागे येऊन खांद्यांवर दोन्ही तळवे टाकत, मग काखेखालचे स्नायू, मग मांड्या. याला शिमे म्हणतात. इंटरनेटवर त्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत फटाफट मारणं दिसतं, त्यामुळे आमच्या मुलांचाही समज तसाच. सेन्सेईंचे हात माझ्या खांद्यावर पडले ते मारायला नाही, शोधायला. उजव्या खांद्यावर ते थांबले, अंगठा मानेच्या मुळाशी ठेवला आणि हलकेच खाली दाबला. खांदा खाली आला, तसा आपोआप कोपर आत वळला आणि पोटातला श्वास खाली बसला. इतकी वर्षं सरांनी "खांदा खाली" म्हणून ओरडून सांगितलेलं त्या अंगठ्याने समोर ठेवलं.

मग काकिए: दोघांनी समोरासमोर उभं राहून मनगटाला मनगट लावायचं, ढकलायचं आणि घ्यायचं, हात सुटू द्यायचा नाही. माझ्यासमोर बस ड्रायव्हरकाका. त्यांच्या हाताची कातडी कागदासारखी पातळ, मनगट माझ्यापेक्षा बारीक. मी ढकललं की तिथे काही नसायचं. मागे घेतलं की त्यांचा हात माझ्याबरोबर आलेलाच असायचा, ना कमी ना जास्त दाबाने. जोर लावायला जागाच मिळत नव्हती. पाच मिनिटांनी माझ्या दंडात गोळे आले, ते अजून सावकाश नाकाने श्वास घेत होते.

सराव संपल्यावर सान्पिन-चहा आणि गुळाचे खडे. अर्जेंटिनाची मुलगी मध्ये बसून भाषांतर करत होती. काका 1970 मध्ये दोजोत आले. तेव्हा ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होता, 1972 च्या मेपर्यंत, त्यामुळे त्यांनी पहिल्या महिन्याची फी डॉलरमध्ये दिली होती. गाड्याही अमेरिकेसारख्या उजवीकडून चालायच्या. 30 जुलै 1978 ला सगळं बेट एका रात्रीत डावीकडे आलं. आदल्या रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत रस्ते बंद, पाट्या बदलल्या, दरवाजे दुसऱ्या बाजूला असलेल्या नव्या बस आल्या. काका त्या सकाळी पहिल्या पाळीला होते.

"त्या महिन्यात दोजोला सुट्टी घेतली असेल ना?" मी विचारलं.

"नाही, रोज आलो," ते म्हणाले. "दिवसभर उजवं की डावं हा विचार करून डोकं शिणायचं. इथे येऊन सांचिन केलं की ठीक व्हायचं."

गुरुवार: वादळ

सकाळपासून फोनवर सूचना. वादळ बेटाच्या पश्चिमेकडून जाणार होतं. दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानातले ब्रेड आणि नूडल्सचे रकाने रिकामे झाले. मोनोरेल संध्याकाळी बंद. हॉटेलच्या बाईंनी बाथटबमध्ये पाणी भरून ठेवायला सांगितलं आणि खिडकीपासून लांब झोपायला सांगितलं. रात्रभर वारा. पाऊस आडवा येत होता, खिडकीच्या फटीतून आत फवारा यायचा.

ओकिनावात मे ते ऑक्टोबर हा वादळांचा काळ. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. वादळाची बातमी आली की लगेच पाणी, फळं, बिस्किटं घ्या. उशीर केला तर काही मिळत नाही. बाहेर फिरायची हौस करू नका.

शुक्रवार: झाडलोट

सकाळी वारा ओसरला. दोजोचं काय झालं म्हणून नऊच्या सुमारास चालत गेले. रस्त्यात तुटलेल्या फांद्या, कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची. दोजोच्या दारात पाणीपुरवठ्याचे दादा नळीने काचा धूत होते. वादळानंतर काचांवर समुद्राचं मीठ चढतं, तसंच राहू दिलं तर चौकटी गंजतात. काका अंगणात माकिवाराभोवतीची माती दाबत होते, ओल्याने फळी हलायला लागली होती. नर्सबाई रात्रपाळी करून आल्या होत्या. अर्ध्या तासात नऊ-दहा माणसं जमली. कुणी कुणाला फोन केला नव्हता. मी विचारून बघितलं.

सेन्सेई वरून खाली आले, सगळ्यांना बघितलं आणि आत जाऊन गी घालून आले. कामाचा दिवस असून ज्यांना शक्य होतं ते थांबले. त्या सकाळी सेन्सेईंनी सुपारिंपेई केला, गोजू-र्यूमधला सगळ्यात लांब काता. वय पायांत दिसत होतं. वळताना ते एकदा थांबून तोल घेत होते. पण प्रत्येक हात जिथे जायला हवा तिथेच जात होता. बाकीचे गुडघ्यावर बसून बघत होते. काकांनी तो काता अर्धशतकात किती वेळा बघितला असेल, तरी त्यांची नजर हलली नाही.

त्या मुलीला मी विचारलं, ब्यूनोस आयर्समध्येही चांगले दोजो आहेत, मग इथे का? ती म्हणाली, तिथे तिचे शिक्षक एक होते. इथे सेन्सेईंनी सांगितलेलं एखादं वाक्य कळलं नाही तर ते काकांना विचारता येतं, काकांना 1975 मध्ये ते कसं सांगितलं होतं ते ऐकता येतं, नर्सबाईंना बाळंतपणानंतर पुन्हा उभं राहताना त्याचा काय उपयोग झाला ते ऐकता येतं. मला वाटतं दोजोबद्दल मी ऐकलेलं सगळ्यात नेमकं हेच होतं. एका गुरूकडून कला घेता येते, पण ती वेगवेगळ्या वयांच्या आणि शरीरांच्या माणसांत मुरलेली असेल तरच तिच्याबद्दल विचारायला जागा राहते. आमच्या क्लासमध्ये सर आहेत आणि मुलं आहेत, मधलं कुणी नाही.

शनिवार: माबुनी

काकांनी सांगितलं होतं, माबुनीला गेल्याशिवाय परत जाऊ नका. नाहा बस टर्मिनलवरून 89 नंबरने इतोमान, तिथे 82 नंबर. समुद्राच्या कड्यावर शांती स्मारक उद्यान आहे. 1995 मध्ये उभारलेल्या काळ्या दगडांच्या घड्याघड्यांच्या भिंतींवर 1945 च्या ओकिनावाच्या लढाईतल्या मृतांची नावं, दोन लाख चाळीस हजारांच्या वर, देश न बघता. ओकिनावाची नावं गावागावाने लिहिलेली. एकेका कुटुंबाची आठ-दहा नावं सलग येतात. काहींचं नाव माहीत नाही म्हणून "अमक्याचं मूल" एवढंच कोरलेलं.

या लढाईत मियागींची मुलं गेली, आणि ज्यांच्याकडे ते आपल्यानंतर दोजो सोपवणार असं सगळे धरून चालले होते ते शिष्य शिंझातो जिनआनही गेले. लढाईनंतर मियागींनी त्सुबोयातल्या घराच्या अंगणात, उघड्यावर, उरलेल्या मोजक्या शिष्यांना घेऊन पुन्हा सुरुवात केली. आजचे सगळे गोजू-र्यू दोजो त्या अंगणातून किंवा त्याआधीच्या हयात राहिलेल्या शिष्यांकडून आलेले आहेत. भिंतीवरच्या जुन्या पाट्या का काढत नाहीत, हे मी कुणाला विचारलं नव्हतं आणि नंतरही विचारलं नाही.

उद्यानाला अर्धा दिवस द्या. टोपी आणि पाणी बरोबर घ्या, कड्यावर सावली कमी आहे. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

रविवार: निरोप

सकाळी तोमिगुसुकुमधलं कराटे काइकान बघितलं, 2017 मध्ये उघडलेलं. संग्रहालय छोटं पण नीट मांडलेलं, चि-इशी, घट हाताळून बघता येतात. ज्यांना दोजोत जायची ओळख नाही त्यांनी इथून सुरुवात करावी, पाहुण्यांना दोजो शोधून द्यायला मदत करणारं माहिती केंद्रही इथेच आहे.

संध्याकाळी सेन्सेईंना भेटायला गेले. सरांसाठी त्यांनी एक पाकीट दिलं. मला काय सुधारायचं ते विचारलं, तर म्हणाले, "खांदा. आणि तुमच्याकडे चाळिशीच्या पुढचे किती आहेत?" मी म्हटलं, मी एकटी. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांना बोलवा. उड्या मारायला लावू नका."

परत आल्यावर सरांशी बोलले. सिमेंट ओतून चार चि-इशी केल्या, कुंभारवाड्यातून तोंडाला जाड कड असलेले घट करून आणले. दर बुधवारी संध्याकाळी साडेसातनंतर हॉल फक्त मोठ्यांसाठी ठेवला आहे. परीक्षा नाही, फी नाही, जुनबी उंदो, सांचिन, काकिए आणि चहा. जुन्या बॅचमधले तिघे यायला लागलेत, एकाचा गुडघा दुखतो, तो उभ्यानेच करतो. बेल्ट कपाटात ठेवून दिलेले आणखी कुणी हे वाचत असतील तर गी अंगात बसत नसला तरी या, ट्रॅकपँट चालेल.